बी. फार्म. झालं, आता कंपनीत शिरायचं कसं? सातारा-सांगलीच्या मुलामुलींसाठी

दरवर्षी कराड, सांगली, कासेगाव, सातारा इथल्या फार्मसी कॉलेजांतून नवी बॅच बाहेर पडते आणि घरोघरी तीच चर्चा सुरू होते: मेडिकल टाकायचं, एमआर व्हायचं, की औषध कंपनीत लागायचं? तिसरा रस्ता ज्यांनी धरलाय त्यांच्यासाठी हे लिहितोय. मी वाळवा तालुक्यातला. औषध कंपनीच्या क्वालिटी विभागात बरीच वर्षं काम करतो आणि फ्रेशर्सच्या मुलाखती घ्यायलाही बसतो. मार्कांनी चांगली असलेली आपल्या भागातली मुलं एका साध्या प्रश्नावर अडतात. "कुठल्या डिपार्टमेंटला काम करायचंय?" असं विचारलं की उत्तर येतं, "कुठंही चालेल, सर."

हे "कुठंही" पुढे महागात पडतं. औषध कंपनीत अनुभव मोजतात तो विभागाचा. दोन वर्षं पॅकिंगला काढलेला मुलगा क्यूसीची (औषध तपासणाऱ्या विभागाची) मुलाखत द्यायला गेला की त्याला पुन्हा फ्रेशरच धरतात, आणि पगारही त्याच हिशोबाने लावतात. म्हणून माझा आग्रह आहे की आधी विभाग ठरवा, मग कंपनी बघा, आणि गाव-शहराचा विचार सगळ्यात शेवटी करा. आपल्याकडे बहुतेक जण नेमकं उलट करतात. पुण्यात मिळालं म्हणून घेतलं, आणि काम काय आहे ते रुजू झाल्यावर कळलं.

पहिलं काम: विभाग समजून घ्या

प्रॉडक्शन म्हणजे शॉपफ्लोअर, प्रत्यक्ष औषध बनतं ती जागा. ग्रॅन्युलेशन (पावडरचे दाणे करणं), कॉम्प्रेशन (दाबून गोळी करणं), कोटिंग, पॅकिंग. उभ्याचं काम, शिफ्ट ड्युटी, मशीन अडलं की मेंटेनन्सवाल्यांच्या मागे लागणं. हाताखाली ऑपरेटर आणि हेल्पर असतात, त्यातले काही वडिलांच्या वयाचे. त्यांना अहो-जाहो करून, पण कामात ढिलाई न ठेवता ज्याला शिफ्ट चालवता येते तो इथे पटापट वर जातो.

क्यूसी म्हणजे प्रयोगशाळा. कच्चा माल, तयार गोळ्या, स्टॅबिलिटीचे नमुने, पाणी, सगळं इथे तपासलं जातं. एचपीएलसी, डिसोल्युशन, कार्ल फिशर, यूव्ही ही रोजची यंत्रं. टायट्रेशनचं रीडिंग जुळेपर्यंत कॉलेजात ज्यांना चैन पडत नव्हतं त्यांची ही जागा. मात्र इथे बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केमिस्ट्रीची मुलंही स्पर्धेत असतात, हे धरून चला.

क्यूए, म्हणजे दर्जाची हमी देणारा विभाग, त्याबद्दल मुलांचा मोठा गैरसमज असतो. एसीत बसून सह्या करायच्या, असं त्यांना वाटतं. फ्रेशरची सुरुवात बहुतेक वेळा आयपीक्यूएपासून (उत्पादन चालू असतानाची तपासणी) होते, म्हणजे दिवसभर शॉपफ्लोअरवरच फिरायचं. नवी बॅच सुरू होण्याआधी लाइन क्लिअरन्स, म्हणजे मशीन आणि जागा साफ असल्याची मंजुरी, द्यायचा. हे काम किती बारीक असतं ते सांगतो. ब्लिस्टर मशीनवर आधीच्या बॅचच्या गोळ्या संपल्या, मशीन पुसून झालं, ऑपरेटर म्हणतो, "साहेब, सगळं साफ आहे, सही करा." तुम्ही खाली वाकून कन्व्हेयरच्या खालचा ट्रे ओढता, हॉपरच्या कडेला टॉर्च मारता, रिजेक्शनचा डबा उघडता. तिथे आधीच्या औषधाची एक पट्टी सापडली तर क्लिअरन्स थांबतो. ती पट्टी नव्या बॅचच्या खोक्यात गेली असती तर रक्तदाबाच्या पेशंटच्या हातात मधुमेहाची गोळी पडली असती. त्यापुढे तासातासाला गोळ्यांचं वजन, कठीणपणा आणि जाडी बघायची, बीएमआरचं (बॅच कशी बनली त्याच्या नोंदींचं) पान न् पान ताडायचं. डेव्हिएशन (ठरल्यापेक्षा वेगळं घडलं त्याची नोंद), चेंज कंट्रोल, कापा (चूक सुधारणं आणि पुन्हा होऊ न देणं), व्हॅलिडेशन ही कामं नंतर वाट्याला येतात.

रेग्युलेटरी अफेअर्समध्ये औषधाच्या परवानगीसाठी लागणारे डोसिए, म्हणजे कागदपत्रांचे संच, तयार होतात. सीटीडी या ठरलेल्या पद्धतीत त्याचे पाच मॉड्यूल असतात. इंग्रजी लिखाण स्वच्छ हवं. फ्रेशरला इथे जागा कमी असतात आणि एम. फार्म.वाल्यांना प्राधान्य मिळतं. एफ अँड डी, म्हणजे फॉर्म्युलेशनची जुळणी, तिथेही एम. फार्म.शिवाय शिरकाव अवघड.

फार्माकोव्हिजिलन्स आणि क्लिनिकल रिसर्च ही संगणकावरची कामं, मुख्यतः पुण्या-मुंबईत. औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदी घेणं, त्यांना मेडड्राचे (वैद्यकीय संज्ञांच्या ठरलेल्या यादीचे) कोड लावणं, अहवाल लिहिणं असं त्याचं स्वरूप. काम चांगलं आहे. पण या नावाखाली "शंभर टक्के प्लेसमेंट" सांगून भरमसाट फी घेणारे कोर्सही बोकाळलेत. पैसे भरण्याआधी मागच्या बॅचमधल्या दोन-तीन मुलांशी स्वतः बोला आणि ती आज कुठे कामाला आहेत ते विचारा. नंबर द्यायला टाळाटाळ झाली तर तिथून उठा.

ठरतच नसेल तर आयपीक्यूए घ्या, असं मी सांगेन. एकाच विभागात राहून वेअरहाउसपासून डिस्पॅचपर्यंत सगळा कारखाना बघायला मिळतो. फक्त एक लक्षात ठेवा. पुढे उत्पादनासाठी एफडीएचं (राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाचं) अप्रूव्हल हवं असेल तर अनुभव उत्पादनातलाच लागतो. त्याबद्दल शेवटी लिहिलंय.

कॉलेजात असतानाच करायची गोष्ट

बी. फार्म.च्या अभ्यासक्रमात सहाव्या सत्रानंतर किमान १५० तासांचं प्रशिक्षण आहे, कंपनीत, हॉस्पिटलमध्ये किंवा मेडिकलमध्ये. सातव्या सत्रात प्रॅक्टिस स्कूल आणि आठव्यात प्रोजेक्ट. कितीतरी मुलं हे १५० तास ओळखीच्या मेडिकलच्या शिक्क्यावर भागवतात. ज्याला कंपनीत जायचंय त्याने ही चूक करू नये. कॉलेजच्या प्लेसमेंटच्या सरांना पाचव्या सत्रातच गाठा आणि मागच्या वर्षीची मुलं कुठल्या प्लांटला गेली होती ते विचारा. कंपनी छोटी असली तरी चालेल, पण टॅब्लेट, कॅप्सूल किंवा सिरप प्रत्यक्ष बनतं अशी हवी.

तिथे गेल्यावर गाउनिंग (आत जाताना खास कपडे घालणं) कसं करतात, एका खोलीतून दुसरीत जाताना हवेचा दाब का बदलतो, मटेरियल आणि माणसं वेगवेगळ्या वाटेने का जातात, हे बघा आणि विचारा. कंपनीचे कागद, फोटो, फॉर्म्युले बाहेर आणू नका. ते चोरीत मोडतं. तुम्हाला काय समजलं ते रोज संध्याकाळी दहा ओळी इंग्रजीत लिहा. इंग्रजी बोलताना आपली मुलं बुजतात, पण महाराष्ट्रातल्या प्लांटमध्ये तांत्रिक गोष्ट मराठी-हिंदीत नीट समजावली तरी बहुतेक मुलाखतकार ऐकून घेतात. लिहिणं मात्र इंग्रजीतच असतं, आणि ती सवय या दहा ओळींनी लागते.

डी. फार्म. झालेल्यांसाठी थोडं वेगळं. प्रॉडक्शन आणि पॅकिंगला डिप्लोमावाले घेतात, पण काही वर्षांनी पुढच्या पदाला डिग्री आडवी येते. घरची परिस्थिती झेपत असेल तर थेट दुसऱ्या वर्षाला बी. फार्म.ला प्रवेश घ्या. जिल्हा परिषदेच्या औषध निर्माण अधिकाऱ्याच्या जागांसाठी डिप्लोमा चालतो, तो रस्ताही डोळ्यांपुढे असू द्या.

नोंदणी आणि एक धोक्याची सूचना

निकाल लागला की महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलकडे नोंदणी करून घ्या. प्लांटमधल्या नोकरीला ती लागतेच असं नाही, पण उद्या हॉस्पिटल किंवा सरकारी जागेसाठी लागेल तेव्हा धावपळ नको. नोंदणी झाली की गावाकडचे एखादे काका विचारतात, "तू तर पुण्याला, तुझं सर्टिफिकेट आमच्या मेडिकलला लाव, महिन्याला पैसे देतो." साफ नाही म्हणा. १९४८च्या फार्मसी कायद्यानुसार औषध देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टनेच करायचं असतं. सर्टिफिकेट दुकानात आणि माणूस पुण्याकडच्या प्लांटवर, हे एफडीएच्या तपासणीत निघालं तर दुकानाच्या परवान्यावर आणि तुमच्या नोंदणीवर, दोन्हींवर गदा येते. चुकीचं औषध कुणाच्या पोटात गेलं तर कागदोपत्री ते तुम्ही दिलेलं असतं.

नोकऱ्या कुठे आहेत

मोठ्या औषध कारखान्यांचे पट्टे बहुतेक आपल्या दोन जिल्ह्यांबाहेर आहेत. दौंडजवळचं कुरकुंभ, जिथे सिप्ला आणि एमक्युअरचे प्लांट आहेत, फलटण-बारामतीकडच्यांना तसं जवळ. कराड-पाटणच्या मुलांना कुंभार्ली घाट उतरून चिपळूण, आणि पुढे लोटे-परशुराम. तिथे रसायनं आणि कच्ची औषधं म्हणजे एपीआय बनतात. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस मडगावला जाते, आणि गोव्यातल्या वेर्णा औद्योगिक वसाहतीत सिप्ला, ल्युपिनसारख्या कंपन्या आहेत. गोळ्या-कॅप्सूल शिकायला गोवा फार चांगलं, आणि आपल्याकडची बरीच मुलं आधीपासून तिथे असल्याने खोलीची सोय होते. त्याशिवाय छत्रपती संभाजीनगरचे चिकलठाणा-वाळूज, नाशिक-सिन्नर, बोईसरजवळचं तारापूर. लशींचं काम करायचं असेल तर पुण्यात हडपसरला १९६६ साली सुरू झालेली सीरम इन्स्टिट्यूट आहे. शिरवळ-खंडाळ्याकडे घराजवळचं म्हणून जरूर अर्ज टाका, पण तिथेच अडून राहू नका.

मिरजेचा उल्लेख वेगळा करायला हवा. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केल्यापासून हे गाव दवाखान्यांचं झालं, आजही कर्नाटकातून पेशंट येतात. मिरज-सांगली आणि कराडच्या मोठ्या हॉस्पिटलांत फार्मसी स्टोअर, क्लिनिकल फार्मसी यांची कामं शिकता येतात. फार्म. डी. केलेल्यांनी आणि फार्माकोव्हिजिलन्समध्ये जायचं असणाऱ्यांनी इथे काढलेलं एक वर्ष वाया जात नाही.

जागा कळतात त्या वॉक-इन इंटरव्ह्यूच्या जाहिरातींतून, लिंक्डइन-नोकरीवरून आणि सगळ्यात जास्त सीनियर्सकडून. कॉलेजच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर नुसता बायोडेटा टाकून थांबू नका. एकेकाला फोन करा: "दादा, तुमच्याकडे क्यूसीला फ्रेशर घेतायत का? घेतील तेव्हा सांगाल का?" विभागाचं नाव घेऊन विचारलेल्या माणसाची आठवण राहते. नॅट्स या सरकारी पोर्टलवरची अप्रेंटिसशिपही बघा. स्टायपेंड कमी असलं तरी चांगल्या प्लांटमधलं एक वर्ष पुढच्या मुलाखतीत बोलतं. आणि नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणाऱ्याला, मग तो नात्यातला का असेना, एक रुपया देऊ नका.

मुलाखतीत काय विचारतात

पाठांतर पाच मिनिटांत उघडं पडतं, म्हणून थोडंच पण पक्कं करा. प्रॉडक्शन आणि आयपीक्यूएसाठी गोळीची गोष्ट अथपासून इतिपर्यंत यायला हवी.

समजा गोळीचं सरासरी वजन ५०० मिलिग्रॅम आहे. इंडियन फार्माकोपियाप्रमाणे (औषधांच्या दर्जाच्या अधिकृत ग्रंथाप्रमाणे) २५० मिलिग्रॅम आणि त्यावरच्या गोळीला फरकाची मुभा ५ टक्के, म्हणजे ४७५ ते ५२५. वीस गोळ्या एकेक करून तोलायच्या. दोनपेक्षा जास्त या मर्यादेबाहेर नकोत, आणि एकही दुप्पट मर्यादेबाहेर नको. पुढचा प्रश्न ठरलेला: "तीन बाहेर गेल्या, काय कराल?" मशीनची सेटिंग बदलतो, असं लगेच सांगणारा मुलगा मागे पडतो. आधी मशीन थांबवायचं, वरिष्ठांना आणि क्यूएला कळवायचं, शेवटच्या बरोबर आलेल्या तपासणीनंतरच्या गोळ्या बाजूला काढून त्यांवर लेबल लावायचं, मग कारण शोधायचं. हॉपरमधली पावडर नीट उतरत नाही का, गोळी दाबणारा पंच अडकलाय का, की मशीनच्या फिरत्या टरेटचा वेग जास्त आहे? या क्रमाने बोललात तर समोरच्याला कळतं की याला शॉपफ्लोअर समजलाय.

तसंच फ्रायबिलिटी, म्हणजे गोळी किती झिजते ते: ड्रम मिनिटाला २५ फेऱ्या, ४ मिनिटं, म्हणजे १०० फेऱ्या, आणि घट १ टक्क्याच्या आत. साध्या, म्हणजे कोटिंग नसलेल्या, गोळीचं विघटन १५ मिनिटांत. कॅपिंग (गोळीचा वरचा थर सुटणं) का होतं, स्टिकिंग (पंचाला चिकटणं) का होतं, दाणे जास्त सुकले तर काय, ओले राहिले तर काय. क्यूसीला जाणाऱ्यांनी एचपीएलसीचा मोबाइल फेज कसा करतात, डिगॅसिंग का, सिस्टीम सुटॅबिलिटी म्हणजे काय, हे स्वतःच्या शब्दांत सांगता येईपर्यंत घोटावं. बायोडेटात लिहिलेल्या प्रोजेक्टवर तर हमखास विचारतात. तो दुसऱ्याने करून दिला असेल तर लिहूच नका.

ऑफर लेटर हातात आल्यावर

सीटीसीचा (कंपनीला तुमच्यावर येणाऱ्या एकूण खर्चाचा) आकडा बघून घरी पेढे वाटू नका. त्यात कंपनीचा पीएफचा वाटाही धरलेला असतो, आणि तुमच्या बेसिकमधून १२ टक्के कापले जातात ते वेगळेच. हातात किती येणार, कॅन्टीन आणि बसचे पैसे कापतात का, शिफ्ट अलाउन्स किती, हे एचआरला सरळ विचारा. त्यात लाज कसली. बाँड असेल तर किती वर्षांचा आणि मध्येच सोडलं तर किती भरायचं, ते वाचूनच सही करा. मूळ मार्कशीट तपासायला दाखवा, ठेवून घ्यायला देऊ नका.

पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर रुजू होण्याआधी सांगा. बीटा-लॅक्टम, म्हणजे पेनिसिलिनच्या गटातल्या, औषधांचे प्लांट वेगळे ठेवतात ते ही ॲलर्जी जिवावर बेतू शकते म्हणूनच.

मुलींच्या आईवडिलांना रात्रपाळीची धास्ती असते, आणि ती समजण्यासारखी आहे. कंपनीची बस दारापर्यंत येते का, मुलींना कुठल्या शिफ्ट देतात, राहण्याची सोय काय, हे विचारून घ्या. तिथे आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या ताईशी घरच्यांचं बोलणं करून द्या. क्यूसी, क्यूए, रेग्युलेटरी या विभागांत आपल्याकडच्या कितीतरी मुली आज मोठी जबाबदारी सांभाळतात.

पहिलं दीड वर्ष

पगारवाढीपेक्षा या काळात एक सवय कमवा: जे केलं ते, तेव्हाच, त्याच कागदावर, खरं लिहायचं. आपल्या क्षेत्रात याला डेटा इंटिग्रिटी म्हणतात. वजन ४८९ आलं आणि हातून ४९८ लिहिलं गेलं, तर चुकलेल्या आकड्यावर एकच रेघ मारा, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही, तारीख. व्हाइटनर नाही, गिरवणं नाही. चिठ्ठीवर रीडिंग घेऊन शिफ्ट संपताना बीएमआरमध्ये उतरवणं हाही दोषच. परदेशी तपासनीसांनी कचऱ्याच्या पिशव्या उघडून अशा फाडलेल्या चिठ्ठ्या बाहेर काढल्याची उदाहरणं आहेत.

एखादा सीनियर म्हणेल, "मागची तारीख टाक, कोण बघतंय." टाकू नका. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायइथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन मिसळलेलं ग्लिसरीन पेशंटना दिलं गेलं आणि १४ जण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत त्यामागची सगळी साखळी उघडी पडली. आज ग्लिसरीनसारख्या कच्च्या मालात या विषाची मर्यादा ०.१ टक्का आहे आणि वापरण्याआधी ते तपासावंच लागतं. ती चाचणी न करता "कम्प्लाइज" (नियमात बसतं) लिहिणारा हात तुमच्यासारख्याच एखाद्या फ्रेशरचा असू शकतो. दबाव आलाच तर शांतपणे सांगा, "सर, मी केलेलं नाही, मी सही करू शकत नाही." पुढे फारच जाच झाला तर नोकरी बदला. नोकरी दुसरी मिळते.

या शिस्तीला आता मागणीही वाढली आहे. सुधारित शेड्यूल एममुळे, म्हणजे औषध उत्पादनाच्या दर्जाच्या सरकारी नियमांमुळे, क्वालिटी सिस्टीम, जोखमीचं मूल्यमापन, उत्पादनाचा नियमित आढावा हे छोट्या कारखान्यांनाही करावं लागतं, आणि त्यासाठी कागद समजणारी माणसं लागतात.

एम. फार्म. लगेच करायचं की नोकरीनंतर? संशोधन किंवा एफ अँड डीचं वेड असेल तर जीपॅट ही प्रवेश परीक्षा देऊन लगेच करा, नायपर या केंद्र सरकारच्या फार्मसी संस्थांसाठी वेगळी परीक्षा आहे. प्रॉडक्शन-क्यूएत रमणार असाल तर आधी काम करा, नंतर गरज वाटली तर बघा. औषध निरीक्षक व्हायचं असेल तर एमपीएससीच्या जाहिरातीतली अनुभवाची अट शब्दशः वाचा आणि नोकरी तशी निवडा.

आणि आता ते अप्रूव्हल. औषधं व सौंदर्यप्रसाधनं नियमांप्रमाणे उत्पादन हे मान्यताप्राप्त तांत्रिक व्यक्तीच्या देखरेखीखाली करावं लागतं. फार्मसीच्या पदवीधराला त्यासाठी पदवीनंतर उत्पादनातला किमान १८ महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. तपासणी विभागाचा प्रमुख उत्पादनापासून वेगळा असावा लागतो, त्यामुळे क्यूसीवाल्यांची मान्यता स्वतंत्र. कंपनी तुमच्या नावाने एफडीएकडे अर्ज करते. एकदा "अप्रूव्ह्ड केमिस्ट" हे बायोडेटावर आलं की छोट्या-मध्यम कंपन्या तुम्हाला शोधत येतात, अगदी घराजवळच्याही. म्हणून १८ महिने भरत आले की साहेबांकडे स्वतःहून विषय काढा. आणि कधीही कंपनी सोडताना अनुभवपत्रावर विभाग, कुठल्या प्रकारच्या औषधांवर काम केलं ते, आणि रुजू झाल्याची व सुटल्याची तारीख स्पष्ट लिहून घ्या. नुसतं "ऑफिसर म्हणून काम केले" असं पत्र एफडीएपुढे उपयोगाचं नसतं, आणि वर्षभराने जुन्या कंपनीत ते बदलून मागायला गेलं की एचआरमधली माणसं बदललेली असतात.